वासाचा आकडा

लातूर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. अकरा ओळी. मी दोनदा मोजल्या. मागच्या वेळी सात होत्या. अक्षर सुधारलंय, पण तू वाक्य संपलेलं असो की नसो, मधेच टिंब देतेस. तुझी नववीतली मास्तरीण ऋतुजा फार कडक दिसत नाही. इथे खोलीवरच्या मुली विचारतात, फोन असताना पत्रं कशाला. मी सांगते, आमची आत्या एक्कावन्नाव्या वर्षी लिहायला शिकली आणि तिनं अट घातलीय, खुशालीपुरता फोन, बाकी सगळं कागदावर.

मी कारखान्यात नेमकं काय करते, असं विचारलंस. बाबांनी मुखेडच्या बाजारात ‘पोरगी लातूरला साहेब झाली’ असं सांगितलंय, ते खरं नाही. मी फोमच्या कारखान्यात प्रयोगशाळा सहायक आहे, तीही कंत्राटावर, ३१ मार्चपर्यंत.

फोम कसा होतो ते सांगते. मोठ्या पेटीत रसायनं ढवळून ओततात. दोन मिनिटांत ते फुगत फुगत माणसाच्या छातीपर्यंत वर येतं. तो फोमचा ठोकळा. आतून तो दुसऱ्या दिवसापर्यंत गरम असतो. ओतताना जी वाफ निघते ती छातीला वाईट, म्हणून तोंडाला मास्क, आणि वर हवा ओढणारा पंखा चालू आहे का ते आधी बघायचं. तो मी रोज स्वतः बघते. आमचे ऑपरेटर रामकिशनदादा म्हणतात, “मॅडम, पंखा काय रात्रीतून पळून जातोय का?”

फोम नीट फुगावा म्हणून त्यात अमाइन नावाचं औषध थोडं घालावं लागतं. त्याला सडक्या मासळीसारखा वास असतो. ते फोममध्ये सुटंच राहतं आणि मग महिनोन्महिने गादीतून बाहेर येतं. आता असं अमाइन मिळतं जे फोमलाच धरून बसतं. ते किती घालायचं आणि ठोकळे कापण्याआधी किती दिवस वाऱ्यावर ठेवायचे, हे जमवून वास कमी करायचा, हे माझं काम.

वास मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. आमच्याकडे नाकं आहेत. फोमचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून दोन तास भट्टीत गरम करायचा. निवला की झाकण थोडं उघडून तिघांनी हुंगायचं आणि एकमेकांशी न बोलता कागदावर आकडा लिहायचा. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. तीनपर्यंत माल पास. चाचणीच्या दिवशी मी केसाला तेल लावत नाही, कांदा खात नाही, बिनवासाच्या साबणाने हात धुते. रामकिशनदादा सकाळी तंबाखू खात नाहीत आणि दुपारपर्यंत कुणाशी नीट बोलत नाहीत. तिसरे स्टोअरमधले मलप्पाकाका, उदगीरकडचे. ते झाकण उघडण्याआधी डोळे मिटतात.

आता खरी बातमी. तुझ्या वसतिगृहाच्या संस्थेची ऑर्डर आम्हाला मिळाली आहे. दोनशे चाळीस गाद्या. कापसाच्या गाठी झालेल्या त्या जुन्या गाद्या जाणार. तुझ्या स्वयंपाकाच्या खोलीत बसून मी बी.एस्सी.चा अभ्यास केला, तिथल्या मुली मी तपासलेल्या फोमवर झोपणार. वासाच्या अहवालावर सही माझी असेल.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण कालपासून मी चाचणीचे नियम तीनदा वाचलेत.

तुझी
माया

·

नांदेड
१७ डिसेंबर

चि. महामाया हिला,
जय भीम. आशीर्वाद.

तुजं पत्र मी एकलीनं वाचलं. दोनच जागी अडकले. अमाइन म्हंजे काय म्हणून ऋतुजाला विचारलं. ती म्हणली, मावशी हे आमच्या पुस्तकात बी न्हाई. टिंबाचं म्हणशील तर मला जितं दम लागतो तितं मी टिंब देते.

केसाला तेल न लावता जातीस व्हय. तुज्या बापाला कळलं तर म्हणंल लातूरला तेल मिळंना का. साहेबरावाचा परवा फोन आलता. तुज्या गाद्या इथं येणार म्हणलं तर म्हणतो, मंग आता माजी पोरगी दोनशे चाळीस पोरींना झोपिवणार. लई हासला.

मी रेक्टरबाईला सांगितलं की तपासणारी आमच्या भावाची पोरगी हाय. त्या म्हणल्या मंग फिकीर न्हाई पंचफुलाबाई.

आजून एक. तुज्या पत्राला वास येतो. पाकीट फोडलं की येतो. औषधाच्या दुकानावानी, आन त्यात कायतरी करपल्यावानी. आदी मला कसनुसं झालं. आता वळकीचा झाला. तुजी पत्रं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवते. झाकण काढलं की वाटतं, आली बाई कामावून.

ऋतुजा म्हणते आज मोजून दहा चुका झाल्या. तिनं नीट केल्यात. काही मी करू दिल्या न्हाईत.

तुजी आत्या
पंचफुला

·

लातूर
गुरुवार, २ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

काल कोरेगावला जाता आलं नाही. कारखान्यात होते. तुमच्या ऑर्डरची चाचणी झाली. रामकिशनदादा दोन, मलप्पाकाका दोन, मी दोन. दोन म्हणजे वास आहे, पण त्रास व्हावा इतका नाही. मी तिघांच्या चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. मग दुसऱ्या ठोकळ्याचा तुकडा घेऊन सगळं परत केलं. पुन्हा दोन. दयानंद सर, आमचे मॅनेजर, म्हणाले, “अजून एकदा कर म्हणजे तुला झोप लागेल.” मी खरंच अजून एकदा केली. दोन.

एका बरणीनंतर दुसरी हुंगण्याआधी अर्धा तास नाकाला मोकळी हवा द्यावी, असा नियम आहे. बाकीचे लोक तो पाळत नाहीत, जागेवरच चहा पितात. मी आवारातल्या कडुलिंबाखाली घड्याळ लावून तीस मिनिटं उभी राहिले. त्या दोघांनाही उभं केलं. मलप्पाकाका म्हणाले, शाळेत बाकावर उभं केल्यावर असंच वाटायचं.

पत्राला वास येतो म्हणालीस. मला काहीच येत नाही. कागद प्रयोगशाळेतल्या कपाटातला आहे, त्याला थोडा लागला असेल.

सही केली. सही करताना पेन दोनदा थांबलं, का ते सांगता येत नाही. सगळं नियमाने झालंय. ट्रक सहा तारखेला निघेल.

आत्या, गाद्या आल्या की मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मुली काय म्हणतात ते त्यांच्या शब्दांत लिही.

तुझी
माया

·

नांदेड
१४ जानेवारी

चि. माया,

गाद्या आल्या. लई ब्येस हायत. पोरी लोळल्या. रेक्टरबाईनं समाधान हाय म्हणून कागद दिला तुज्या साहेबाला.

खिडक्या उगड्या ठेवतो. दिवसा काही गाद्या गच्चीवर टाकतो उनाला. नव्या हायत म्हणून.

ऋतुजाला जरा सर्दी हाय. तवा हे मीच लिवलं. चुका आसतील.

तिळगूळ पाठिवला आस्ता पर पाकिटात फुटतो.

आत्या

·

लातूर
रविवार, २६ जानेवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

सकाळी झेंडावंदन झालं, आता खोलीवर आहे.

तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. आठ-नऊ ओळीच होत्या, पाठ झाल्या. “लई ब्येस” वाचून पहिल्यांदा रडूच आलं. बाबांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाच.

पण मग मनात येतं, जानेवारीच्या थंडीत खिडक्या उघड्या का. आणि नव्या गाद्यांना ऊन कशाला. ऊन तर जुन्यांना देतात. मी शंकेखोर आहे हे तुला माहीत आहे. लहानपणी कडी लावली का बघायला मी तीनदा उठायचे आणि तू म्हणायचीस, आता कडीलाच झोप लागली असंल. तसंच असेल हे. तरी विचारते.

ऋतुजाची सर्दी बरी झाली का? की सराव परीक्षा आहे? तुझ्या पत्राला कुणी हात लावलेला नाही हे कळत होतं. “लिवलं” तिनं राहू दिलं नसतं.

तुमच्या संस्थेच्या उमरीच्या निवासी शाळेसाठी एकशे साठ गाद्यांची दुसरी ऑर्डर आली आहे. रेक्टरबाईंच्या समाधानाच्या कागदामुळेच. माल २० फेब्रुवारीला द्यायचा आहे. घाई आहे म्हणून ठोकळे तीन दिवसांऐवजी दीड दिवस वाऱ्यावर ठेवायचे ठरलंय. मी सरांना म्हटलं, दीड दिवसात आतली उष्णताही पुरती जात नाही, सुटं राहिलेलं औषध प्लॅस्टिकमध्ये कोंडलं जाईल. ते म्हणाले, “महामाया, तुझ्याच चाचणीत दोन आलाय. तीन चालतो. म्हणजे आपल्याकडे एक आकडा शिल्लक आहे की.”

माझाच आकडा माझ्यासमोर ठेवला. तू सांग, खिडक्या अजून उघड्या आहेत का?

तुझी
माया

·

नांदेड
४ फेब्रुवारी

माया,

हे पत्र लिवायला मला तीन दिवस लागले. तीन कागद फाडले.

मी खोटं लिवलं. गाद्या आल्या त्या दिवशीच पोरींनी नाकाला ओढणी लावली. प्लॅस्टिक काढलं की सगळ्या खोलीत वास. डोळे चुरचुरले. एक म्हणली मावशी, कायतरी मेलंय गादीत. रेक्टरबाई म्हणल्या तक्रार लिहिते. मी त्यांच्या मागं मागं फिरले. म्हणलं बाई लिवू नका, पोरीची पहिली नोकरी हाय, आठ दिवसात जातो वास. त्यांनी माजं ऐकलं आन उलट समाधान हाय म्हणून लिहून दिलं. पोरींना म्हणलं, झोपा गपगुमान, आमच्या पोरीनं तपासल्यात.

झोपल्या. मी सांगितलं म्हणून झोपल्या.

वास मी वळकला व्हता. तुज्या पत्राचा वास. तोच, पर शंभर पटीनं. मला वाटलं, जो वास माज्या डब्यात हाय तो वाईट कसा आसंल. माजं डोस्कं तितं थांबलं.

ऋतुजाला आदीपास्नं दम्याचा तरास हाय हे मला ठाव नव्हतं. तिनं सांगितलं बी न्हाई. खोकायची आन म्हणायची सर्दी हाय मावशी. नऊ तारखेला सकाळच्या प्रार्थनेत खाली बसली. व्हट निळे पडले. दवाखान्यात नेलं. चार दिवस होती. डॉक्टरनं विचारलं खोलीत नवीन काय आलं. मी तितंच उबी व्हते. मी बोलले न्हाई. दुसरी पोरगी बोलली, गाद्या.

आता बरी हाय. आईबापाकडं गावाला हाय. गाद्या सगळ्या गच्चीवर हायत, पोरी सतरंजीवर झोपतात. तुला लिवलं तवा ती दवाखान्यातून येऊन येकच दिवस झाला व्हता. संक्रांत व्हती. मी तुला लई ब्येस लिवलं.

तू म्हणलीस खरं लिव. मला लिवता येत नव्हतं तवा मी खोटं बोलत नव्हते. लिवायला शिकले आन पयलं खोटं कागदावर केलं.

पंचफुला

·

लातूर
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पहिल्यांदा मी रागावले, ते लपवत नाही. मग ऋतुजाचे ओठ डोळ्यांपुढे आले आणि राग कुणावर धरावा तेच कळेना.

काल मी दोनशे चाळीसमधला राखून ठेवलेला नमुना काढला. दर मालाचा एक तुकडा बंद डब्यात ठेवतो आम्ही. परत हुंगला. मला दोनच वाटला. तुझं पत्र वाचून झाल्यावरही दोन. म्हणून आज तो डबा पिशवीत घालून मी एसटी स्टँडवर गेले. तिथे दारात सरजाबाई पेरू विकतात, गावाला जाताना मी त्यांच्याकडूनच घेते. त्यांना म्हटलं, मावशी, एवढं हुंगून सांगा. झाकण उघडलं तसा त्यांनी माझा हात झटकला.

“काय हाय ह्ये? काढ तिकडं. पेरूला वास लागंल माज्या.”

मी म्हटलं, सहापैकी किती देता. एक म्हणजे काही नाही, सहा म्हणजे सहन होत नाही.

“पाच लिही. आन पेरू घ्यायचे आस्तील तर आदी त्ये लांब ठिवून ये.”

पलीकडच्या रसवंतीवाल्याने पाच सांगितला. उदगीर गाडीच्या कंडक्टरने साडेचार, तोही “घाईत हाय म्हणून” असं म्हणून.

मी तिथेच बाकावर बसले. आत्या, आम्ही तिघंही खोटं बोललो नव्हतो. आम्हाला तो वास येतच नाही. चौदा महिने मी रोज नऊ तास त्यात आहे. रामकिशनदादा अकरा वर्षं. नाक रोजचा वास सांगायचं सोडून देतं, हे मी पुस्तकात वाचलेलं आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. आणि मी तेल सोडलं, कांदा सोडला, साबण बदलला, आणि हे माझ्यापर्यंत आलं नाही.

तो कडुलिंब मी संध्याकाळी जाऊन बघितला. जिथे मी घड्याळ लावून तीस मिनिटं मोकळी हवा घेतली, तिथून ठोकळ्यांची शेड बावीस पावलांवर आहे. दारं आमच्याकडेच उघडतात. मी वासातून निघून वासातच उभी होते.

तू मला डिसेंबरात लिहिलं होतंस, पत्राला वास येतो. मी उत्तर दिलं, मला काहीच येत नाही. ते वाक्य मी आज चारदा वाचलं, म्हणजे आठवून. पत्र तर तुझ्या डब्यात आहे.

सरांना आजच फोन केला. चुकीचा अहवाल मागे घेते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “एसटी स्टँडवरच्या बायांच्या नाकावर मी ऑर्डर थांबवू? माझ्याकडे वापरणाऱ्यांचं समाधानाचं पत्र आहे. वापरणाऱ्यांची तक्रार कुठाय?” उमरीचा माल २० तारखेला जाणार. दीड दिवसाचे ठोकळे. तो याहून वाईट असेल. तिथे पाचवीपासूनच्या मुली आहेत.

मी माझं पत्र उद्या देणार आहे, की अहवाल चुकला आणि माझं नाक या कामाचं राहिलेलं नाही. पण एवढ्याने थांबणार नाही. तक्रार हवी. रेक्टरबाई समाधान लिहून बसल्या आहेत, त्या आता उलट लिहायला कचरतील. म्हणून तुला सांगते. तू थांबवलीस, तूच लिही. कारखान्याच्या नावाने, तुझ्या हाताने. माझं नाव गाळू नकोस.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन.

माया

·

नांदेड
१३ फेब्रुवारी

माया,

अर्ज रजिस्टरनं पाठिवला. ही त्याची नक्कल. पोस्टातल्या माणसानं विचारलं कुणाचा हाय, म्हणलं माजाच.

ऋतुजा परवा आली, तळमजल्याच्या खोलीत वेगळी ठेवलीय. तिला दाखिवला. ती म्हणली मावशी, माजं नाव घाला, मुलीला त्रास झाला असं नुसतं लिहू नका. घातलं. शुद्धलेखन तिनं बघितलं.

“मा. मॅनेजर साहेब, फोम कारखाना, एमआयडीसी, लातूर.
विषय : गाद्यांना वास असल्याबाबत.
मी पंचफुला, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण आहे. तुमच्या २४० गाद्या ७ जानेवारीला आल्या. त्यांना फार वास होता. मुलींचे डोळे चुरचुरले, डोकी दुखली. कु. ऋतुजा, इयत्ता नववी, हिला दम लागून चार दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांचा कागद सोबत आहे. गाद्या आज गच्चीवर आहेत. एक महिना झाला, वास गेला नाही.
समाधानाचा कागद माझ्या विनंतीवरून दिला होता. तो खरा नाही.
गाद्या तपासणारी मुलगी माझी भाची आहे. म्हणून मी तक्रार होऊ दिली नाही. ही माझी चूक आहे.
उमरीच्या मुलींना अशा गाद्या देऊ नयेत.
अर्जदार, पंचफुला.”

अंगठा न्हाई. सही हाय.

आत्या

·

लातूर
रविवार, २३ मार्च

प्रिय आत्या,
जय भीम.

महिनाभर लिहिलं नाही. फोनवर तू “जेवलीस का” विचारायचीस, मी “जेवले” म्हणायचे, आणि आपण फोन ठेवायचो. आता लिहिते.

तुझा अर्ज सरांनी माझ्यासमोर वाचला. मग विचारलं, “हे लिहायला आत्याला तू सांगितलंस?” मी हो म्हटलं. खोटं बोलायला जागा होती, सरांनीच ठेवली होती बहुधा. त्यांनी डॉक्टरांचा कागद परत वाचला. मग त्यांनी उमरीच्या शाळेला फोन लावला आणि माल उशिरा येईल म्हणाले. कारण सांगितलं नाही, पण माल थांबला.

रामकिशनदादा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, “मॅडम, घरी बायको म्हणायची कपड्याला वास येतो. मी म्हणायचो तुजं नाक लई शाणं.” एवढंच. दुसऱ्या दिवशी वाफ ओढणारा पंखा माझ्याआधी त्यांनी बघितला.

आता असं चाललंय. ठोकळे पुरते तीन दिवस, शेडची मागची भिंत जाळीची केली आहे आणि दोन मोठे पंखे लावलेत. कापण्याआधी फोम दोन रुळांमधून दाबून काढतो, म्हणजे आत कोंडलेली हवा निघते. फोमला धरून राहणारं अमाइन मी आधी अर्धंच वापरलं होतं, बाकी जुनं, कारण तेवढ्यात दोन आला होता. आता जुनं पूर्ण बंद. फोम फुगायला वेळ जास्त लागतो, पहिले चार ठोकळे बसले, भाकरी चिरावी तसे मधोमध चिरले. पाचवा उभा राहिला.

मला वासाच्या चाचणीतून काढलंय. मीच लिहून दिलं होतं. आमच्या तिघांपैकी कुणीच नाही. सर म्हणाले, “ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच नाकाला पटू दे.” म्हणून सोबतच्या डब्यात नव्या फोमचे पाच तुकडे आहेत, पाच बंद बाटल्यांत. बाटली न उघडता तासभर गरम पाण्याच्या पातेल्यात ठेव. निवू दे. मग तू आणि चार मुली, एकीला एक बाटली, कुणी कुणाशी बोलायचं नाही. एक ते सहा. पाच जणींची बेरीज पंधरा किंवा कमी आली तर उमरीचा माल पास. सोळा आली तर नाही. ऋतुजाला हुंगायला देऊ नकोस, तिला आकडे लिहायला बसव. बाटल्या अंगणात उघडा, स्वयंपाकघरात नाही. तुझ्या हाताला लसूण नको.

मला या तुकड्यांना काही वास येत नाही. पण त्याला अर्थ नाही.

हे पत्र मी स्टँडवर सरजाबाईंच्या शेजारी बसून लिहिते आहे. वही इथल्याच दुकानातून घेतली, कारखान्यात नेलेली नाही. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाजारात मी काय सांगायचं ते तू ठरवू नकोस.

जे वाटेल तेच लिही, आत्या.

माया

·

नांदेड
२८ मार्च

चि. माया,
जय भीम.

तू सांगितल्यावानी केलं. लसूण सकाळीच सोलून ठेवला, मंग हात राखेनं धुतले. अंगणात पाच जणी वळीनं बसलो. ऋतुजा लांब पायरीवर वही घेऊन. एक पोरगी हासली तर तिनं डोळे वटारले. मास्तरीण झालीय पुरती.

पोरींचे आकडे. तीन. तीन. चार. तीन. चारवाली म्हणली, आदीच्यावानी न्हाई मावशी, पर हाय.

बेरीज तेरा झाली. मंग माजी बाटली.

तू लिवलं न्हाईस, पर मला ध्यानात हाय. एकतीस मार्चला तुजं कंत्राट सरतंय. पहिल्या पत्रात हाय, डब्यातून काढून परत वाचलं. तेरा आन दोन पंधरा व्हतात हे मला आता येतंय. तवा बाटली उघडायच्या आदीच माज्या मनात दोन आलता.

हुंगली. तोच वळकीचा वास, लई बारीक, लांबून कुणी हाक मारल्यावानी. पर हाय. दुसऱ्या कुणाला आला नसता, मला आला. ऋतुजा म्हणली, मावशी, किती? मी म्हणलं थांब, माजा मी लिहिते.

आता तुज्या ह्या पत्राचं. पाकीट फोडलं आन सवयीनं नाकाला लावलं. काहीच न्हाई. कोरा कागद. मला घडीभर वाटलं दुसऱ्याच कुणाचं आलं, मंग अक्षर बघितलं. जुनी पत्रं डब्यातून काढून गच्चीवर उन्हात टाकलीत, दगड ठिवून.

खाली पोरींच्या चार सह्या हायत आन माजा आकडा. बेरीज सोळा. दोन आदी लिहिला व्हता, तो खोडून तीन केलाय. खोडलेला दिसतोय. दिसू दे. म्हणून नवा कागद घेतला न्हाई.

तुजी आत्या
पंचफुला